रमाकाकूंची भक्ती आणि नववी ब

मुलांना वाचलेलं कळलं की नाही, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो.

अंबरनाथच्या एका शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवते. आमच्या भाषेत या कामाला 'आकलन तपासणे' म्हणतात. परीक्षेत मुलांना न पाहिलेला एक उतारा द्यायचा. त्याखाली चौकटी, गोल आणि बाण काढायचे. मुलांनी उताऱ्यातली वाक्यं उचलून त्या चौकटींत कोंबायची आणि शेवटी 'स्वमत' नावाच्या प्रश्नात स्वतःचं मत लिहायचं. (स्वतःचं म्हणजे आम्हाला हवं ते. वेगळं मत आलं की आम्ही गुण कापतो.) ज्याला हे जमत नाही त्याच्या पेपरवर मी लाल पेनाने एकच शेरा मारते: 'उतारा पुन्हा वाचावा.' हाताला त्याची इतकी सवय झाली आहे की एकदा भाचीच्या लग्नपत्रिकेवरही तो मारून मोकळी झाले होते.

त्यातही नववी ब हा माझा खास जिव्हाळ्याचा, म्हणजे डोकेदुखीचा वर्ग. घरी सिंधी बोलणारी उल्हासनगरची मुलं, घरी आगरी बोलणारी मोरिवलीची मुलं, घरी हिंदी बोलणारी मुलं, आणि आई-बाप दोघंही एमआयडीसीत शिफ्टला असल्यामुळे घरी बोलायला कुणीच नसलेली मुलं. या सगळ्यांनी मिळून मराठीत लिहायचं! 'काकू गेला' आणि 'मुलगा आली' ही त्यांची रोजची वाक्यं. नववी ब ला आकलन नाही, यावर स्टाफरूममध्ये आमचं पूर्ण एकमत होतं. इतर कोणत्याही विषयावर तिथे एकमत होत नाही.

यंदा चाचणीच्या आधी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "वैशाली, गाइडमधला उतारा द्यायचा नाही. मुलं उत्तरं पाठ करून येतात. उतारा वाचतच नाहीत."

त्यांचं बरोबर होतं. मागच्या परीक्षेत मी उतारा छापायलाच विसरले होते, तरी निम्म्या वर्गाने सगळ्या चौकटी अचूक भरल्या होत्या.

"मग कुठून आणू?" मी विचारलं.

"स्वतः लिही. मराठीची शिक्षिका ना तू?"

हा टोमणा मला लागला. मी घरी आले, चहा घेतला आणि विषय शोधायला इकडेतिकडे पाहिलं, तर विषय समोरच बसून शेंगा सोलत होता. माझ्या सासूबाई!

इथे आमच्या घरची थोडी माहिती द्यायला हवी. आम्ही बदलापूरला राहतो. मी, माझा नवरा सुहास आणि आई, म्हणजे याच सासूबाई. आईंची धाकटी बहीण वांगणीला असते. गेल्या वर्षी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. दिवसभर घरात एकटी असते, कारण घरातले सगळे कामाला जातात. बदलापूरहून वांगणी एकच स्टेशन, पण स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या आईंच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि मावशीचं घर तिकडे स्टेशनपासून आत, शेतांच्या बाजूला आहे. रिक्षावाला जातो, पण परत यायला थांबत नाही. म्हणून आई बहिणीला भेटण्यासाठी सर्वस्वी सुहासच्या मोटारसायकलवर अवलंबून. सुहास दर आठवड्याला सांगतो, "आई, येत्या रविवारी नक्की." त्यात खोटेपणा अजिबात नाही. तो रविवार फक्त अजून आलेला नाही.

आणि सुहासचा एक कायदा. काटई रस्त्यावरच्या एका खड्ड्यात तो पडला, खांदा निखळला, तेव्हापासून आमच्या घरात बायकांनी दुचाकी चालवायची नाही. (पडला तो, बंदी आम्हाला. पुरुषी न्याय असाच असतो.) माझी स्कूटर त्याने कव्हर घालून पार्किंगच्या कोपऱ्यात उभी केली. मीही फार भांडले नाही. खरं सांगायचं तर ती चालवताना मला वळताच येत नसे; मी सरळ जाऊन, उतरून, गाडी हाताने वळवायची आणि पुन्हा बसायची. मधूनमधून तिच्यातलं पेट्रोल कमी झालेलं दिसायचं. उन्हाने उडत असेल, असं मी धरून चालले होते.

तर मी उतारा लिहिला. आईंचं नाव बदलून 'रमाकाकू' केलं. तो इथे देते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच निघालं:

'रमाकाकूंचे वय साठीच्या पुढे. परंतु भक्तीला वय नसते. हल्ली रोज दुपारी चार वाजता त्या देवळात जातात. जाताना साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालतात, कारण देव वेश पाहत नाही. परततात तेव्हा केस विस्कटलेले असतात, पण चेहऱ्यावर तेज असते. जपाला बसल्या की त्यांचे उजवे मनगट आपोआप पुढे-मागे फिरते आणि डाव्या हाताची बोटे मिटतात, इतक्या त्या तल्लीन होतात. मध्यंतरी त्यांचा गुडघा सोलवटला. साष्टांग नमस्काराचा तो प्रसाद त्यांनी निमूटपणे सोसला. देव्हाऱ्यासाठी त्यांनी लाल चिकटपट्टी आणली. दुपारी डोळा लागला की त्या पुटपुटतात, "सोड, हळूहळू सोड." मोह सोडण्याची केवढी ही ओढ! त्यांची बहीण दूरच्या गावी अंथरुणाला खिळली आहे. मुलगा म्हणतो, "येत्या रविवारी नेतो." काकू नुसत्या हसतात आणि घड्याळाकडे पाहतात. चार वाजत आलेले असतात. केवढी ही सहनशीलता! त्यांच्या सुनेला त्यांचा फार अभिमान वाटतो.'

शेवटचं वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले. खाली स्वमताचा प्रश्न दिला: 'रमाकाकूंच्या भक्तीतून तुम्हाला काय शिकायला मिळाले?' व्याकरणात एक सोपं वाक्य दिलं, 'रमाकाकू देवळात जातात', आणि कंसात सूचना: भविष्यकाळ करा.

चाचणीच्या दिवशी नववी ब कधी नव्हे ती शांत होती. मुलं उतारा वाचत होती. नुसती वाचत नव्हती, वर पाहून विचार करत होती, पुन्हा वाचत होती. मला भरून आलं. तेवढ्यात उल्हासनगरची दिशा उभी राहिली.

"मॅडम, ही काकू हेल्मेट घालते का?"

"उताऱ्यात हेल्मेट हा शब्द आहे का?"

"नाही मॅडम."

"मग उताऱ्याबाहेरचे प्रश्न विचारायचे नाहीत."

ती बसली. मागून मोरिवलीचा प्रणय उठला. "मॅडम, मैदान कंचा?"

"मैदान नाही रे बाबा, देऊळ. नीट वाच."

"देऊल," तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे जी नजर टाकली ती मी आजवर फक्त नापास मुलांकडे टाकलेली होती. मी दुर्लक्ष केलं.

पेपर घरी आणले आणि माझे डोळे आले. बदलापुरात साथच होती. डोळे लाल, पाणी वाहतंय, उजेड सोसत नाही. पेपर तर सोमवारी द्यायचे. मोठ्या बाई म्हणाल्या, "तू शाळेत येऊ नकोस, पण गुण पाठव." (आमच्याकडे आजार बाईला येतो, गुणांना येत नाही.) शेवटी रविवारी घरातलं सगळं मनुष्यबळ कामाला लावलं. मी काळा चष्मा लावून पलंगावर, आई खिडकीशी पेपर मोठ्याने वाचणार, मी गुण सांगणार, आणि सुहास बेरीज करणार. तो रविवार वांगणीचा होता, पण माझ्या डोळ्यांमुळे तोही गेला. आईंनी गठ्ठा पुढ्यात ओढला.

पहिला पेपर सुरू झाला. चौकटी झाल्या. आईंचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"वैशाली, ही रमाकाकू कोण गं?"

"काल्पनिक आहे, आई."

"पंजाबी ड्रेस घालते?"

"हो. भक्त आहे ती."

"आणि गुडघा?"

"नमस्कारांनी. तुम्ही स्वमत वाचा ना."

पान उलटल्याचा आवाज आला. मग आई म्हणाल्या, "भक्ती ही फार मोठी गोष्ट आहे."

"पुढे?"

"एवढंच."

"पण तुम्ही पान उलटलंत."

"पोराचं अक्षर मोठं आहे. पाचपैकी पाच दे. हुशार आहे पोरगा."

"एका वाक्याला पाच?" मी दोन दिले. दुसरा पेपर. आई पुन्हा थांबल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "भक्ती ही फार मोठी गोष्ट आहे." तिसऱ्याचं तेच. चौथ्याचं तेच. एका पेपरला मध्येच त्यांना हसू फुटलं, पण ते त्यांनी खोकल्यात बुडवलं. अर्धा गठ्ठा होईपर्यंत भक्ती ही फार मोठी गोष्ट राहिली आणि माझं डोकं तापलं.

"सगळ्या वर्गाचं एकच वाक्य?"

सुहासने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. "कॉपी. सरळ सरळ सामुदायिक कॉपी."

"स्वमतात सगळ्यांना शून्य," मी जाहीर केलं.

"शून्य नको गं," आई म्हणाल्या. "पोरांचा काय दोष त्यात?"

"आई, तू फार मऊ आहेस," सुहास म्हणाला. "आज ही पोरं कॉपी करतील, उद्या लायसन्सशिवाय गाड्या उडवतील."

आईंना जोरात ठसका लागला. मी पाणी दिलं आणि त्याच हाताने मोठ्या बाईंना फोन लावला. त्यांनी लगेच फर्मान काढलं: मंगळवारी पालकांना बोलवायचं, वर्गासमोर चौकशी, दोषी ठरले तर निकालात शेरा. त्या रात्री आई जेवल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, एकादशी. एकादशी दोन दिवसांपूर्वी झाली होती, पण त्यांची भक्ती वाढत चालली आहे हे मला ठाऊक होतंच.

मंगळवारी डोळे थोडे उघडत होते. मी काळ्या चष्म्यात शाळेत गेले. साथीच्या भीतीने मोठ्या बाईंनी मला वर्गाच्या दाराबाहेरच उभं केलं, त्यामुळे शिक्षा मलाच झाल्यासारखं चित्र दिसत होतं. आत नववी ब, मागे भिंतीला टेकून पालक.

"सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलंय," मी दारातून म्हणाले. "लाज वाटत नाही?"

दिशाची आई दुकान बंद करून आली होती. "मॅडम, मेरी दिशा कॉपी करेल? तिला स्वतःचंच अक्षर वाचता येत नाही, दूसरे का क्या पढ़ेगी?"

"कोणतं उत्तर, मॅडम?" दिशाने विचारलं.

"भक्ती ही फार मोठी गोष्ट आहे."

वर्गातली मुलं एकमेकांकडे पाहू लागली. "हे तर कुणीच नाही लिहिलं, मॅडम."

"पेपर आणा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आत्ताच बघू."

मी पिशवी उघडली. पिशवीत डबा होता, डोळ्यांचे थेंब होते, छत्री होती. गठ्ठा घरी राहिला होता!

मी बाजूला जाऊन सुहासला फोन केला. तो इथेच अंबरनाथला एमआयडीसीत कामाला. साहेबांची बोलणी खाऊन तो मोटारसायकलवर बदलापूरकडे निघाला. मग मी घरी आईंना फोन केला. "आई, पेपरांचा गठ्ठा दारात काढून ठेवा. सुहास घ्यायला येतोय. इथे पालक जमलेत, मुलांची चौकशी चाललीय."

पलीकडून आई म्हणाल्या, "त्याला नको बोलावू. मी आणते."

"तुम्ही? अहो, पुलाच्या पायऱ्या..."

"पूल नाही लागत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा दारात जाऊन उभी राहिले. पालकांना चहा आला. अजून कुणाचा कप रिकामा झाला नव्हता तोच सुहासचा फोन आला. मागे वाहनांचा गोंगाट होता.

"वैशाली, तुझी स्कूटर चोरीला गेली."

"काय?"

"आत्ता समोरून गेली. नंबर वाचला मी. चोर बाई आहे. हेल्मेट, निळा ड्रेस. मी वळून मागे लागलोय."

"मग पकड ना!"

"कशी पकडू? ती खड्डे चुकवत जातेय, मी पडत जातोय. आणि विचित्र म्हणजे प्रत्येक वळणाला हात दाखवते. इतकी शिस्तीची चोर मी पाहिली नाही. मागे लाल पट्टीने इंग्रजी एल काढलाय. शिकाऊ चोर आहे." फोन बंद झाला.

मी ही बातमी वर्गाला सांगितली. पालक हळहळले. एका काकांनी पोलिसांना फोन करायची तयारी केली. नववी ब मात्र हळहळली नाही. सगळी मुलं एकदम खिडक्यांकडे धावली आणि प्रणय ओरडला, "आली! मॅडम, तुमची रमाकाकू आली!"

शाळेच्या फाटकातून माझी स्कूटर आत आली. झाडाखाली एक सुबक वळण घेतलं (जे मला अजून येत नाही), स्टँडवर लागली, आणि हेल्मेट काढून माझ्या सासूबाई खाली उतरल्या. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर तेज. माझाच निळा ड्रेस. मी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने काही फरक पडला नाही. मी लिहिलेला उतारा, चौकटी आणि बाणांसकट, दोन पायांवर चालत माझ्याकडे येत होता, आणि तो मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

आईंनी गठ्ठा मोठ्या बाईंच्या हातात दिला. "बाई, या पोरांनी काही चोरलेलं नाही. त्यांनी खरं लिहिलं होतं. मी ते खोटं वाचलं. हिचे डोळे आले होते."

"खोटं का वाचलंत?"

"सुहास समोर बसला होता. गुरुवारी माझी लायसन्सची टेस्ट आहे. त्याला कळलं असतं तर किल्ली गेली असती." त्या नववी ब कडे वळल्या. "पोरांनो, माझ्यापायी तुम्हाला शून्य पडत होतं. दोन दिवस घास उतरला नाही मला."

मोठ्या बाईंनी वरचाच पेपर उघडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अक्षर दिशाचं होतं. 'काकू देवळात नाही जात. देवळातून आलेल्या माणसाचे केस कसे विस्कटतील? काकू गाडी शिकतो. उजवा हात रेस देतो, डावा हात ब्रेक दाबतो. गुडघा पडून फुटला.' दुसरा पेपर प्रणयचा. 'सोड सोड म्हंजे ब्रेक सोड. माझी आत्या पन असाच बोलली होती. ती आता टेम्पो चालवते.' तिसऱ्या मुलीने लाल चिकटपट्टीचा एल ओळखला होता. चौथ्याने लिहिलं होतं, काकू पंजाबी ड्रेस घालते कारण साडीचा पदर चाकात जातो. एकाही मुलाने दुसऱ्याची कॉपी केलेली नव्हती. प्रत्येकजण आपापल्या वाटेने चालत त्याच मैदानात पोचला होता, जिथे, आईंनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे, आमच्या गल्लीतली एक मुलगी रोज चार वाजता माझ्या सासूबाईंना माझीच स्कूटर शिकवत होती आणि मी घरात आडवी पडलेली होते.

मी थक्क झाले, हा शब्द कमी पडतो. या मुलांनी आईंना कधी पाहिलेलं नाही. मी लिहिलेली पंधरा-वीस वाक्यं तेवढी त्यांच्यापुढे होती, तीही एका आंधळ्या साक्षीदाराची. त्या वाक्यांतून मला काढून टाकून मुलं थेट आईंपर्यंत गेली होती. मी रोज ज्या बाईच्या हातचा चहा पिते, तिला नववी ब माझ्यापेक्षा चांगलं ओळखत होती.

एवढ्यात सुहास धापा टाकत व्हरांड्यातून आला. कोपर खरचटलेलं. "चोर इथेच शिरलाय, गाडी झाडाखाली..." आणि त्याला आई दिसल्या. निळा ड्रेस दिसला. हातातलं हेल्मेट दिसलं.

"अरे, किती हॉर्न वाजवत होतास," आई म्हणाल्या. "मला वाटलं कोण टवाळ मागे लागलाय."

"आई, तू... या रस्त्यांवर... मी काय सांगितलं होतं?"

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पुढचा पेपर उचलला होता. सुजाता नावाच्या मुलीचा. ती वर्गात कधी हात वर करत नाही. तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकलेला नाही. मोठ्या बाई वाचू लागल्या.

'रमाकाकू सहनशील आहेत असं उताऱ्यात लिहिलं आहे. पण ज्या बाईची बहीण आजारी आहे आणि तिला कुणीच नेत नाही, ती रोज रोज देवळात कशाला बसेल? ती स्वतः जायची तयारी करणार. ती मुलावर रागावलेली नाही. ती फक्त रविवारची वाट बघायची थांबली आहे.'

सुहास दारातच उभा होता. त्याने आईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोपराकडे, मग जमिनीकडे.

"किती वेळ लागला तुला बदलापूरहून यायला?" त्याने हळूच विचारलं.

"तू मधे मधे आला नसतास तर अजून लवकर आले असते."

"गुरुवारी मी सुट्टी टाकतो. टेस्टला मी येतो."

"तू नको," आई म्हणाल्या. "तू बाजूला उभा राहिलास की मला खड्डे दिसतात. हिला पाठव. हिला काहीच दिसत नाही, बरं पडेल."

नववी ब खदखदून हसली. पालक हसले. दिशाच्या आईने तर पुढे होऊन आईंचा हातच धरला. "आंटी, माझ्या दुकानात या. हेल्मेट के नीचे का स्कार्फ मी देते. केस नाही उडणार."

गुरुवारी आई पास झाल्या. मी बाजूला उभी राहून डोळे मिटले होते, म्हणून त्यांनी इंग्रजी आठचा आकडा काढलेला मला दिसला नाही. पण तपासनीसाने मान डोलावलेली मागच्या लोकांनी सांगितली. दुसऱ्याच दिवशी चार वाजता आम्ही वांगणीला निघालो. आई पुढे, मी मागे, मांडीवर मावशीसाठी केलेल्या पुरणपोळ्यांचा डबा. प्रत्येक वळणाला मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. घरातली खरी भक्त कोण, ते त्या रस्त्याने सिद्ध झालं. दारात स्कूटरचा आवाज ऐकून मावशी आतून ओरडली, "कोण गं?" आणि आई हेल्मेट न काढताच आत गेल्या. दोघी बहिणी एकमेकींकडे पाहून आधी हसल्या आणि मग रडल्या. मी डबा घेऊन ओट्यावर बसून राहिले, कारण त्या खोलीत त्या वेळी माझं काही काम नव्हतं.

डोळे पुरते बरे झाल्यावर मी सगळे पेपर स्वतः पुन्हा तपासले. व्याकरणाची दाणादाण होती. काकू जागोजागी 'जातो' आणि 'शिकतो'. 'रमाकाकू देवळात जातात' या वाक्याचा भविष्यकाळ प्रणयने असा केला होता: 'रमाकाकू वांगनीला जातील.' उताऱ्यात मी गावाचं नाव दिलेलं नव्हतं! बोलावून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही वर्गात तुमच्या वांगनीच्या आजारी मावशीच्या शेतातली भाजी सांगता ना नेहमी." उत्तर नियमाने चूक होतं. पण मी त्याला पूर्ण गुण दिले, कारण भविष्य बरोबर निघालं होतं.

सगळ्यात शेवटी सुजाताचा पेपर होता. मोठ्या बाईंनी वर्गात त्याचा पहिलाच भाग वाचला होता. मी पान उलटलं. मागे लिहिलं होतं: 'उताऱ्यातली सून मनाने चांगली आहे. तिने सगळं पाहिलं आणि सगळं बरोबर लिहिलं. फक्त तिला काही कळलेलं नाही.'

मी तिला पाचपैकी पाच दिले आणि सवयीने लाल पेन खाली नेलं, शेरा मारायला. तर तिथे जागाच नव्हती. तिच्या गोलसर, निळ्या अक्षरात, सुनेसाठी, तो आधीच मारलेला होता: 'उतारा पुन्हा वाचावा.'